न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर प्लेस स्टेशनात भिंतीवर बीव्हर का आहे?

प्रश्न थोडक्यात असा होता की न्यूयॉर्कला भुयारी रेल्वेच्या सहा नंबरच्या गाडीने अ‍ॅस्टर प्लेसला उतरलं की भिंतीवर झाड कुरतडणारा एक गुबगुबीत प्राणी दिसतो, तो तिथे कशाला, त्याच स्टेशनात मधूनच दिसणारे रंगीत भौमितिक तुकडे कुणाचे, जुने की नवे, आणि हे सगळं कला म्हणून बघायचं की नुसती सजावट. माझं काम जुन्या इमारतींच्या जतनाचं, त्यातही टाइल आणि टेराकोटा, त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगतो. शेवटच्या प्रश्नावर माझं मत आधी देऊन टाकतो: या स्टेशनात नुसतं शोभेचं असं जवळजवळ काही नाही, जे सुंदर दिसतंय त्याला काही ना काही काम लावलेलं आहे, आणि नंतर आलेली कला चांगली की वाईट हेही मी त्याच मापाने बघतो.

तर प्राणी म्हणजे बीव्हर. जॉन जेकब अ‍ॅस्टर, जन्म १७६३, जर्मनीतल्या वालडॉर्फ गावचा, न्यूयॉर्कला आला आणि फरच्या धंद्यात पडला, १८०८ मध्ये त्याने अमेरिकन फर कंपनी काढली. त्या काळात युरोपात पुरुषांच्या उंच हॅट बीव्हरच्या फेल्टच्या, म्हणजे केस दाबून केलेल्या जाड कापडाच्या असायच्या, कारण या प्राण्याच्या आतल्या बारीक केसांना सूक्ष्म काटे असतात आणि ते एकमेकांत असे अडकतात की फेल्ट घट्ट होतो, पाणी लवकर शिरत नाही. म्हणजे थंडीत राहणाऱ्या एका प्राण्याच्या केसांवर अख्खी फॅशन उभी होती, आणि त्या फॅशनवर अ‍ॅस्टरची संपत्ती. पुढे त्याने तो पैसा मॅनहॅटनच्या जमिनीत घातला आणि १८४८ मध्ये वारला तेव्हा तो अमेरिकेतला सगळ्यात श्रीमंत माणूस होता. चौकाला नाव त्याचं, म्हणून स्टेशनला नाव त्याचं, आणि म्हणून भिंतीवर बीव्हर. तसा बीव्हर शहराच्या अधिकृत मुद्रेवरही आहे, डच लोकांच्या वेळेपासूनच्या फर व्यापाराची खूण म्हणून, त्यामुळे स्टेशन सुरू झालं त्या १९०४ सालच्या न्यूयॉर्ककराला हे चित्र बघून फार कोडं पडलं नसावं. गंमत म्हणजे खरा बीव्हर शिकारीमुळे शहरातून पार नाहीसा झाला होता, तो दोनेक शतकांनी २००७ मध्ये ब्रॉन्क्स नदीत परत दिसला, तोपर्यंत शहरात बीव्हर बघायचा तर इथे, जमिनीखाली.

आता एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी छातीठोकपणे सांगितली जाते की ही चित्रं इंग्रजी न वाचता येणाऱ्या स्थलांतरितांसाठी लावली, म्हणजे बीव्हर दिसला की उतरायचं. ऐकायला छान आहे, पण मला ती पूर्ण पटत नाही. एक तर चित्र भिंतीच्या वरच्या पट्ट्यात आहे, आकाराने बेताचं, आणि गर्दीच्या डब्यातून ते दिसण्याच्या कितीतरी आधी मोझेकमधली, म्हणजे रंगीत तुकडे जुळवून केलेली, मोठ्ठी नावाची पाटी दिसते. दुसरं, त्याच मूळ लाइनवरच्या कित्येक स्टेशनांना प्राणी-जहाज काही नाही, नुसता रस्त्याचा आकडा आहे. कोलंबस सर्कलला कोलंबसचं सांता मारिया जहाज आहे, फुल्टन स्ट्रीटला रॉबर्ट फुल्टनची क्लेरमाँट आगबोट आहे, वॉल स्ट्रीटला तटबंदी आणि डच घर आहे, म्हणजे जिथे सांगण्यासारखी गोष्ट होती तिथे चित्र, नाही तिथे आकडा. माझ्या मते हे आर्किटेक्टच्या डोक्यातलं होतं, जागेची ओळख भिंतीतच भाजून टाकायची. कुणा प्रवाशाला त्याचा उपयोग झाला असेल तर चांगलंच.

आर्किटेक्ट म्हणजे हाइन्स आणि लाफार्ज. जॉर्ज हाइन्स आणि ख्रिस्तोफर ग्रँट लाफार्ज, आपसात नातेवाईक, सेंट जॉन द डिव्हाइन हे अवाढव्य कॅथेड्रल त्यांच्याचकडे होतं, आणि लाफार्जचे वडील जॉन ला फार्ज रंगीत काचांचे मोठे कलाकार. म्हणजे चर्चवाले लोक, त्यांना भुयारात आणलं. इंजिनीअर विल्यम बार्कले पार्सन्स, त्याने सांगाडा ठरवला, यांनी त्याला कातडी दिली. कातडी द्यायलाच लागणार होती कारण १९०० मध्ये शहराने जो करार केला त्यात स्पष्ट लिहिलं होतं की हे मोठं सार्वजनिक काम आहे, तेव्हा लोकांच्या नजरेला जे जे पडेल ते उपयुक्ततेबरोबर देखणेपणाचाही विचार करून डिझाइन करायचं, बांधायचं आणि सांभाळायचं सुद्धा. हे कलम मला फार आवडतं. सौंदर्य टेंडरच्या अटीत आलं की ठेकेदाराला ते शेवटी पैसे उरले तर करू असं म्हणता येत नाही. पण त्यातला शेवटचा शब्द, सांभाळायचं, तो मात्र लोक लवकर विसरले, त्याच्याकडे पुढे येतो.

२७ ऑक्टोबर १९०४ ला लाइन सुरू झाली, सिटी हॉलपासून ब्रॉडवेवरच्या १४५ व्या रस्त्यापर्यंत, २८ स्टेशनं, त्यातलं हे एक. पहिली गाडी मेयर मॅक्लेलन यांनी स्वतः चालवली, भाडं पाच सेंट, जे १९४८ पर्यंत पाचच राहिलं. चार रुळ, मधले दोन एक्स्प्रेसचे, बाहेरचे दोन लोकलचे, आणि अ‍ॅस्टर प्लेस लोकल स्टेशन असल्याने दोन्ही कडांना एकेक प्लॅटफॉर्म.

बांधकामाची पद्धत समजून घेतली तर भिंतीचं लॉजिक आपोआप कळतं. रस्ता वरून उघडायचा, खड्डा घ्यायचा, पोलादी चौकटी दर पाच फुटांवर उभ्या करायच्या, मधे काँक्रीटच्या लहान कमानी, आणि वरून परत रस्ता. त्यामुळे स्टेशन अगदी उथळ, एक जिना उतरला की प्लॅटफॉर्म, छत बुटकं, आणि छत बुटकं म्हणजे भपका करायला जागाच नाही. सगळा खेळ उभ्या भिंतीवर. प्लॅटफॉर्मचे खांब साधारण पंधरा फुटांवर, आणि भिंतीचे भाग त्याच मापाने पाडलेले, म्हणजे खांब आणि सजावट एकमेकांना धरून चालतात. मूळ लाइनच्या स्टेशनांत भिंतीचा खालचा अडीचेक फुटांचा पट्टा कडक विटांचा, कारण तिथे पाय, छत्र्या, पेट्या लागणार. त्याच्या वर पांढऱ्या चकचकीत टाइल, कारण १९०४ च्या विजेच्या दिव्यांचा उजेड यथातथाच होता आणि पांढरी भिंत तो परत फेकते, शिवाय ओल्या फडक्याने पुसता येते. आणि सगळ्यात वर, हात पोचणार नाही अशा उंचीवर, महागडं नाजूक काम, पट्टी आणि त्यात बीव्हर. काही स्टेशनांत वरच्या फुटपाथमध्ये जाड काचेची भिंगं बसवून दिवसाचा उजेडसुद्धा खाली घेतला होता. यातलं शोभेसाठी म्हणून वेगळं काढून दाखवा, अवघड जाईल.

बीव्हरची पाटी बोस्टनच्या ग्रूबी कंपनीची, फेयान्सची, म्हणजे भाजलेल्या मातीवर रंगीत ग्लेझ, काचेसारखा थर. ग्रूबीचं नाव झालं ते मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, ग्लेझमुळे, तो काकडीच्या सालीसारखा दबका हिरवा रंग, तेव्हाच्या कारागिरीवाल्या मंडळींना याचं वेड होतं. पाटी जवळून बघायची असेल तर तिरप्या कोनातून बघा, समोरून नाही. चित्र साच्यात दाबून उठावाचं केलेलं असतं, आणि भट्टीत ग्लेझ वितळला की तो उंच कडांवरून खाली ओघळून खोलगट भागात साठतो. त्यामुळे बीव्हरच्या पाठीच्या कडेवर रंग पातळ, जवळजवळ माती दिसेल असा, आणि पोटाखाली, खोडाच्या कुरतडलेल्या खाचेत गडद. कुणी ब्रशने सावली काढलेली नाही, ती भट्टीनेच काढली. म्हणून एकाच साच्यातले दोन बीव्हर शेजारी ठेवले तर ते भावंडं वाटतात, कॉपी वाटत नाहीत. वरवर बघणाऱ्याला हे दिसत नाही पण डोळ्याला कळतं, छापलेल्या टाइलकडे आपण दोन सेकंद बघतो आणि याच्याकडे जास्त वेळ बघतो ते यामुळेच असं माझं मत.

ग्लेझवर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसलं तर घाबरू नका, माती आणि ग्लेझ वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात त्यामुळे ते येतं, वयाचा भाग आहे. खरं दुखणं मागून येतं. उथळ बोगदा, वर रस्ता, कुठून ना कुठून पाणी झिरपतं, ते काँक्रीटमधले क्षार घेऊन टाइलच्या मागे पोचतं, तिथे वाळतं, क्षाराचे स्फटिक होतात, फुगतात, आणि टाइल भिंतीपासून सुटायला लागते. बाहेरून एकदम टकाटक दिसते हं, पण बोटाच्या पेराने टकटक केलं की पोकळ वाजते. आम्ही अशा भिंतीवर टाइल टाइल वाजवत जातो आणि खडूने खुणा करतो, कंटाळवाणं काम आहे पण दुसरा स्वस्त उपाय नाही. आणि जो तपकिरी थर दिसतो तो नुसती धूळ नाही, चाकं, रुळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेलं लोखंड असतं त्यात, ते ओलाव्यात गंजतं आणि डाग धरतं. अशा वेळी कुणीतरी उत्साहाने अ‍ॅसिड मारतो, डाग जातो आणि त्याबरोबर मॅट ग्लेझचा वरचा पापुद्राही जातो, मग ती टाइल आयुष्यभर मळते. सौम्य साबण, मऊ ब्रश, भरपूर वेळ, बास.

जाहिरातींचं पण सांगायला हवं. लाइन सुरू होऊन फार दिवस गेले नाहीत तोच या नव्या कोऱ्या टाइलवर भोकं पाडून जाहिरातींच्या चौकटी ठोकल्या. लोक चिडले, कलाप्रेमी संस्था भांडल्या, प्रकरण कोर्टात गेलं, आणि जाहिराती राहिल्या. देखणेपणाची अट करारात होती तरी! मूळ लाइनच्या स्टेशनांत जिथे जिथे टाइलला बुजवलेली गोल भोकं दिसतील तिथे हा इतिहास आहे.

आता डाउनटाउनकडे, म्हणजे दक्षिणेकडे, जाणाऱ्या प्लॅटफॉर्मवर या. तिथे भिंतीत एक दार आहे, बंद केलेलं, वर चौकटीवर क्लिंटन हॉल अशी अक्षरं. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोन बघत असतात. हे दार वरच्या इमारतीत जायचं, जिथे मर्कंटाइल लायब्ररी होती, म्हणजे गाडीतून उतरायचं आणि रस्त्यावर न येता पुस्तकांकडे जायचं. आणि त्या जागेवर आधी काय होतं, तर अ‍ॅस्टर प्लेस ऑपेरा हाउस, जिथे १० मे १८४९ ला दंगल झाली. कारण ऐकून विश्वास बसत नाही: इंग्लिश नट मॅक्रेडी आणि अमेरिकन नट फॉरेस्ट यांच्यातला थोर कोण. अर्थात नट हे निमित्त, आत उंची कपड्यातले श्रीमंत आणि बाहेर कामकरी, मूळ राग तो होता. सैनिकी तुकडीने गोळीबार केला, वीसहून जास्त माणसं मेली. ऑपेरा हाउसला त्यानंतर काही बरकत आली नाही, वास्तू लायब्ररीकडे गेली, पुढे ती पाडून १८९० च्या सुमारास आत्ताची उंच इमारत झाली. हे सगळं त्या एका चौकटीच्या मागे आहे आणि तिथे एक पाटीसुद्धा लागत नाही कारण दार स्वतःच पाटी आहे.

दुकानांचं तसंच. शेजारी वानामेकर हे प्रचंड डिपार्टमेंट स्टोअर होतं, त्याची नवी इमारत डॅनियल बर्नहॅमची, स्टेशनातून थेट दुकानात जायची सोय. दुकान १९५४ च्या अखेरीला बंद पडलं, आणि त्यांच्या जुन्या बिडाच्या इमारतीला जुलै १९५६ मध्ये इतकी भयंकर आग लागली की विझवायला मारलेलं पाणी खाली स्टेशनात उतरलं आणि रुळांखालची जमीन धुपली. बर्नहॅमच्या इमारतीत नंतर १९९६ पासून केमार्ट हे दुकान होतं, ते २०२१ मध्ये गेलं, २०२३ मध्ये वेगमन्स हे किराणा दुकान आलं. भिंतीतली उघडमीट चालूच आहे.

प्लॅटफॉर्मच्या टोकांना गेलात तर बदल जाणवतो. मूळ लोकल प्लॅटफॉर्म दोनशे फुटांचे, पाच डब्यांच्या गाडीसाठी. आज दहा डबे, पाचशेवर फूट, म्हणजे अर्ध्याहून जास्त प्लॅटफॉर्म नंतरचा आहे. खांबांची जात बदलते, टाइल बदलते, सांधा कुठे आहे ते शोधायचा खेळ मुलांना द्या, छान रमतात.

आणि मग १९७० च्या दशकातला वाईट काळ, शहर दिवाळखोरीच्या तोंडाशी, स्टेशनांची दशा झालेली. यातून वर येताना १९८० च्या दशकात काही मोजकी स्टेशनं नीट करायला घेतली त्यात अ‍ॅस्टर प्लेस पहिल्या फळीत होतं. आर्किटेक्ट प्रेंटिस अँड चॅन, ओहलहाउसेन, काम १९८६ मध्ये पुरं झालं. १९८२ मध्ये शहराने सार्वजनिक बांधकामात कलेसाठी टक्का राखायचा कायदा केला होता, १९८५ मध्ये ट्रान्झिटवाल्यांनी, म्हणजे ही रेल्वे चालवणाऱ्यांनी, स्वतःचा कला विभाग काढला, आणि इथे ग्राफिक डिझायनर मिल्टन ग्लेझरला बोलावलं. हो, तोच, आय लव्ह न्यूयॉर्कचा लाल बदामवाला लोगो ज्याचा. तो शिकला कूपर युनियन या कॉलेजमध्ये, जे स्टेशनच्या डोक्यावरच आहे, म्हणजे ही भिंत त्याच्या विद्यार्थीदशेपासून ओळखीची.

ग्लेझरपुढचा प्रश्न खरंच कठीण होता. ग्रूबीच्या भिंतीशेजारी नवं काय लावणार? तुम्ही जुन्याची नक्कल केलीत तर ती खोटी दिसते, आणि आपलंच काहीतरी जोरदार लावलंत तर बीव्हर बिचारा कोपऱ्यात जातो. त्याने जुन्या भिंतीचेच आकार घेतले, नक्षीचे, पट्ट्यांचे तुकडे, ते मोठे केले, फिरवले आणि चुकीच्या क्रमाने लावलेल्या कोड्यासारखे भिंतीभर पसरले, पोलादी पत्र्यावर भाजलेल्या एनॅमलमध्ये. कामाला नावसुद्धा नाही, शीर्षकाविनाच आहे. एनॅमल निवडणं हा मला त्यातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो: तेही भट्टीतूनच येतं, काचेचाच थर असतो, पुसता येतं, पण सपाट आणि धारदार, त्यामुळे मातीच्या उठावाशी स्पर्धा करत नाही. कुणालाही विचारावं लागत नाही की जुनं कुठलं आणि नवं कुठलं. जतनाच्या कामात आम्ही हेच तत्त्व सांगतो पण इतक्या हलक्या हाताने ते पाळलेलं क्वचित बघायला मिळतं. काही लोकांना ते तुकडे थंड वाटतात, ऐंशीच्या दशकातल्या कॉर्पोरेट ऑफिससारखे, आणि मला त्यांचं म्हणणं कळतं. फक्त एकच सांगतो, चालत बघा. उभं राहून एक तुकडा बघितला तर काही नाही, चालताना आकार जुळायला लागतात आणि परत सुटतात.

वर, अपटाउनच्या, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्या, बाजूला, बिडाचं छत्र असलेलं जे प्रवेशद्वार आहे त्याबद्दल मात्र माझं मन थोडं दुभंगलेलं आहे. मूळ लाइनवर अशी शंभराहून जास्त प्रवेशद्वारं होती, ब्रुकलिनच्या हेक्ला आयर्न वर्क्सने केलेली, कल्पना बुडापेस्टच्या १८९६ च्या मेट्रोवरून घेतलेली. घुमटाकार छत असेल तर आत जायचं, निमुळतं काचेचं छत असेल तर बाहेर यायचं, म्हणजे लांबूनच कळायचं कुठल्या जिन्याने जायचं, किती साधी सोय. मोटारी वाढल्यावर ती चालकांच्या नजरेआड येतात म्हणून १९६० च्या दशकापर्यंत एकूण एक काढून टाकली. आज दिसतं ते १९८६ चं, नव्याने ओतलेलं. प्रतिकृतीला आमच्या धंद्यात नाकं मुरडतात, मीही मुरडतो, पण मूळचं एकही शिल्लक नसताना, मोजून-मापून केलेली एक प्रतिकृती असणं बरं, निदान त्या छताखालून उतरताना उजेड कसा पडायचा ते अंगाला कळतं. पलीकडे चौकात टोकावर उभा असलेला काळा पोलादी क्यूब शिल्पकार टोनी रोझेन्थालचा, १९६७ चा, ढकलला की फिरतो, त्याचा स्टेशनशी थेट संबंध नाही पण तुम्ही ढकलणारच.

बघायला जाणार असाल तर दोन गोष्टी. प्लॅटफॉर्म एकमेकांना आतून जोडलेले नाहीत, वर येऊन रस्ता ओलांडून परत भाडं भरून दुसरीकडे जावं लागतं, तेव्हा अपटाउनहून आलात तर डाउनटाउन प्लॅटफॉर्मवर उतराल, तिथेच आधी क्लिंटन हॉलचं दार आणि बीव्हर बघून घ्या, आणि परतीच्या वेळी बिडाच्या छत्राखालून अपटाउनला उतरा, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही बाजू होतात. स्वतःसाठी फोटो काढायला परवानगी लागत नाही, पण ट्रायपॉड आणि वेगळे लाइट चालत नाहीत. फ्लॅश तसाही नको, तो समोरून पडला की ग्लेझवरचा सगळा उठाव मरतो आणि फोटोत नुसता तपकिरी ठिपका येतो.